बटणावरची चिकटपट्टी

हे मी गेल्या रविवारपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं — बायकोलाही नाही. एका मुलीचा हात मशीनमध्ये गेला. चूक माझी होती. दोष तिच्या माथी मारून मी घरी आलो, आणि जेवलो.

मी आयटीआयमध्ये शिकवतो. पिंपरी-चिंचवडमध्ये आयटीआयच्या सरांना काय मान असतो, तुम्हाला माहीत असेल. बाप वॉचमन असो की हमाल — पोरगं आमच्याकडून बाहेर पडून चाकणला कंपनीत लागलं, की घरावरचा पत्रा जाऊन स्लॅब येतो. लोक रस्त्यात थांबून नमस्कार करतात. त्याची चटक लागते हो.

रेश्मा काळेवाडीची. वडील अन्वरभाई, दुचाकींचे मेकॅनिक. त्यांच्या गल्लीतून आमच्याकडे आलेली ती पहिली मुलगी. 'पोरींना मशीनवर कोण पाठवतं?' असं गल्ली म्हणत होती, तेव्हा मीच घरी जाऊन सांगितलं होतं — 'भाई, माझी जबाबदारी.'

आमच्या वर्कशॉपमध्ये पत्रा दाबून कापणारा एक जुना पॉवर प्रेस आहे. त्याला दोन बटणं, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो. म्हणजे हात आत राहूच शकत नाही. पण त्यानं काम हळू होतं, आणि पोरं निवडायला येणारे कंपनीवाले वेग बघायचे. मग मी काय करायचो? एक बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवायचो. एक हात मोकळा. 'बाहेर असंच चालतं, शिकून घ्या.' पोरं ओरडायची, 'सर, एक नंबर!' मला — खोटं कशाला बोलू — बरं वाटायचं.

चाकणला लागल्यावर काही महिन्यांतच तिथल्या प्रेसमध्ये रेश्माच्या उजव्या हाताची बोटं गेली. बटणावर चिकटपट्टी होती. तिनंच लावलेली.

कंपनीचे साहेब आयटीआयमध्ये चौकशीला आले. अन्वरभाई शेजारी उभे.

'दोन्ही हात वापरायला शिकवलं होतं ना?' साहेबांनी मला विचारलं.

'शिकवलं होतं,' मी म्हणालो. निदान तिथं तरी थांबायचं? पण नाही — 'पोरगी ऐकायची नाही.'

ऐकायची नाही? वर्गात तिच्याइतकं ऐकणारं कुणी नव्हतं. ऐकलं, म्हणून तर बोटं गेली.

कंपनीनं तिचाच निष्काळजीपणा ठरवून तिला काढलं. अन्वरभाईंनी धाकटीला आयटीआयला घातलंच नाही. त्या गल्लीतून पुन्हा एकही मुलगी आली नाही. आणि मी? दर वर्षी सुरक्षा सप्ताहात भाषण केलं.

गेल्या रविवारी गॅरेजवर गेलो. अन्वरभाईंनी स्टूल पुढे केलं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ते फडक्याला हात पुसत होते. पुसून झाले तरी पुसतच राहिले. रेश्मा काउंटरवर होती, डाव्या हातानं स्पार्क प्लग लावून ठेवत.

'चिकटपट्टी तुम्हीच शिकवलीत, हे मी घरी सांगितलं होतं, सर,' ती म्हणाली. 'अब्बू म्हणाले, सरांवर ढकलू नकोस.' मग दाराकडे बघत, 'मला काय सांगताय? बाहेर सांगा.'

मी बाहेर आलो. नळावर बायका होत्या, टपरीपाशी माणसं. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, मोठ्यानं —

'रेश्मा ऐकायची. मी शिकवलं तेच तिनं केलं. चुकीचं मी शिकवलं, आणि नंतर खोटं बोललो तेही मीच. रेश्मा, अन्वरभाई — मी तुमची माफी मागतो.'