गिरणीमागची

आमच्या संस्थेने कर्जत तालुक्यातल्या एका गावात बायकांच्या आरोग्याची पाहणी केली. अहवालातून कोणती बाई कोण ते कळू नये, हे बघायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी संगणकावर नावांचा रकाना निवडला, पुसायचं बटण दाबलं आणि चहाला गेले. त्यात काय एवढं, असा माझा तोरा.

अहवाल ग्रामसभेत वाचायचा होता. आदल्या दिवशी मी तो अंगणवाडीच्या बाईंना दाखवला, खरं तर शाबासकीसाठी. त्यांनी चष्मा लावला आणि तक्त्यावर बोट ठेवलं.

"वय चौतीस, तीन मुली, घर गिरणीमागं, मन लागत न्हाई म्हनून नगरला गोळ्या चालू. अवो ताई, ही तर गिरणीमागची!"

"पण नाव काढलंय ना!"

"नाव कुनाला ठावं हाय हितं? तिच्या सासूलाबी आठवावं लागंल. नाव सोडून समदं ठिवलंय तुमी."

या गावात बायकांना नावाने हाक मारायची रीतच नाही. कोणी गिरणीमागची, कोणी आडावरची. गावाला ठाऊकच नसलेलं नाव तेवढं मी मोठ्या शिताफीने लपवलं होतं! आणि त्या गिरणीमागच्या बाई घरी गुडघेदुखीचं औषध सांगून नगरला जात होत्या. खरं काय ते त्यांनी फक्त मला सांगितलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

मग बसले पुन्हा. वस्ती आणि मुलींचा आकडा उडवला, नेमकी वयं काढून दहा-दहा वर्षांचे गट केले, एकट्या पडलेल्या ओळी त्यांच्यासारख्या दुसऱ्या ओळींत मिसळल्या. संस्थेचे पुण्याचे साहेब फोनवर कुरकुरले, "अहो, मग अहवालात उरलं काय?"

म्हटलं, "साहेब, या गावात नांदायला तुम्ही येणार आहात का?"

साहेबांनी फोन ठेवला.

ग्रामसभेत मी वाचलं, "तिशीतल्या काही बायका मनाच्या आजारावर औषध घेतात." एकही मान वळली नाही. गिरणीमागच्या बाई मागे बसून खाली बघत होत्या.

सभा संपल्यावर त्यांनी मला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं.

"ताई, माझं लिवलंच न्हाई व्हय?"

"लिहिलंय की. त्या 'काही बायकां'मध्ये तुम्ही आहात."

इकडेतिकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, "म्हंजी, माझ्यावानी अजून हायेत?"