बुडबुडे आत होते

तिसऱ्यांदाही आकडा तोच आला. १.४०. यायला हवा होता १.४२.

चितेगावच्या एका केमिकल कारखान्यात मी तेव्हा क्वालिटी कंट्रोलचा मॅनेजर होतो. आकडा घेऊन समोर अलकाताई उभ्या होत्या. लॅबमधल्या सगळ्यात जुन्या केमिस्ट, रोज फुलंब्रीहून ये-जा करायच्या. गेटवर ट्रक भरून उभा होता आणि प्रॉडक्शन मॅनेजर जाधवांचा दुसरा फोन येऊन गेला होता.

घन रसायनाची घनता, आमच्या भाषेत डेन्सिटी, मोजायला काचेची छोटी बाटली असते. तिच्या बुचाला केसाएवढं भोक. बाटली कोरडी तोलायची, क्रिस्टल घालून तोलायची, वर पाणी भरून तोलायची आणि शेवटी नुसतं पाणी भरून. क्रिस्टलनी किती पाण्याची जागा घेतली ते कळतं. आमचा माल पाण्यात विरघळत नव्हता, त्यामुळं पाणी चालायचं. त्रास एकच. क्रिस्टलना हवेचे बुडबुडे चिकटून राहिले की आकडा खाली येतो.

बुडबुडेच राहिले असतील, असं मी म्हणालो. तिन्ही वेळा व्हॅक्यूम लावून ते काढलेत, पाण्याचं तापमानही पाहिलंय, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. ओव्हनची टेस्टही पास होती. तापवून मालाचं वजन घटत नव्हतं, म्हणजे मालात ओल उरलेली दिसत नव्हती.

तेवढ्यात जाधव स्वतःच आले. दोन शतांशांसाठी गाडी अडवायची का, एवढंच त्यांचं म्हणणं. खरं सांगतो, मला ते पटत होतं. सही करायला पेनही उघडलं होतं.

अलकाताई खिडकीपाशी क्रिस्टल उजेडात धरून पाहत होत्या. वळून म्हणाल्या, "सर, बुडबुडे भायेर नायतच. आत हायेत."

"कशाच्या आत?"

"क्रिस्टलच्या. तासभर द्या मला."

त्यांनी चमचाभर क्रिस्टल खलात घेतले आणि घोटायला लागल्या. मिनिटभरात सॉल्व्हंटचा वास सुटला. जाधवांनाही आला, ते खुर्चीत बसले. माल ज्या द्रवात विरघळवून क्रिस्टल पाडतात ते सॉल्व्हंट. ते थेंबाथेंबानं क्रिस्टलच्या पोटात कोंडलं गेलं होतं, उजेडात बुडबुड्यांसारखे दिसले ते हेच थेंब. ओव्हनमध्ये तापवूनही बाहेर पडायला त्याला वाटच नव्हती. भुकटी सुकवून त्यांनी पुन्हा मोजलं. १.४२.

आमचा ग्राहक हा माल भट्टीवर वितळवायचा. क्रिस्टल फुटले असते आणि पेट घेणारी वाफ तिथल्या माणसांच्या तोंडावर आली असती. हे जाधवांना सांगावं लागलं नाही. ट्रक रिकामा करायचा फोन त्यांनीच केला. मग नव्या चिलरवर माल घाईनं थंड केल्याचंही त्यांनीच कबूल केलं. घाईत वाढलेले क्रिस्टल असं द्रव पोटात घेतात.

सगळा माल पुन्हा विरघळवून हळू थंड केला. चार दिवस उशिरा गेला आणि नीट गेला.

तुम्हाला एवढी खात्री कशी होती, असं मी नंतर अलकाताईंना विचारलं. बाटली धुता धुता म्हणाल्या, "माझी चूक असती तर तीन येगळे आकडे आले असते, सर. तीनदा एकच आला."

मी बत्तीस वर्षं लॅबमध्ये काढली, पण आकडा कधी ऐकायचा हे मला त्या दिवशी कळलं. मालाची डेन्सिटी घोटण्याआधी आणि घोटून अशी दोनदा घ्यायची आणि आकडे ताडून पाहायचे, ही ओळ मी लगेच टेस्टच्या पद्धतीत घातली. खाली सही माझी आहे, कारण कागदावर मॅनेजरचीच लागते.