सामान्यतः रहिवासी

मोठेबाबा बैलांना "पोले पोले" म्हणायचे. एसटीच्या ड्रायव्हरलाही म्हणायचे, आणि घाईघाईत भाकरी चुरणाऱ्या माझ्या वडिलांनाही. आफ्रिकेतल्या बोलीत त्याचा अर्थ 'हळूहळू'. पण गावातल्या पोरांना वाटायचं, हा म्हातारा बारा महिने पोळ्याचीच वाट पाहतो. "बाबा, पोळ्याले लय टाइम हाये अजून!" असं पोरं लांबूनच ओरडायची आणि मोठेबाबा पोट धरून हसायचे.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मिसरूड फुटायच्या आत घर सोडलं, मुंबईहून बोटीने नैरोबी गाठलं आणि तिकडच्या रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून हयात काढली. बायको तिकडेच वारली, मूलबाळ नव्हतं. महाराष्ट्र झाला त्याच सुमारास ते पेन्शन घेऊन मेहकर तालुक्यातल्या आमच्या गावी परतले. आम्ही बौद्ध, आमची वस्ती ओढ्यापलीकडे. मोठेबाबांनी मात्र ऐन गावात, पंचायतीच्या समोर जागा घेऊन घर बांधलं. कुरकुर झालीच. "पैसा हाये तं खामगावात बंगला बांधा ना," असा शहाजोग सल्लाही कुणीकुणी दिला. मोठेबाबा म्हणाले, "खामगावात मी पाहुना. इथं गाववाला."

त्यांचं पेन्शन नैरोबीच्या बँकेत जमा व्हायचं. त्याच्यावर इकडे कर लागतो की नाही, हे विचारायला ते खामगावच्या एका वकिलांकडे गेले. मी तेव्हा खामगावातच मास्तरकीचं शिकत होते, म्हणून मलाही बरोबर नेलं. वकीलसाहेब खुशीत होते. "बाबा, पेढे द्या! परदेशातून परत आलेल्या माणसाला तिकडच्या उत्पन्नावर काही वर्षं कर नाही. फक्त इथं सही करा."

"काय लिहेल हाये त्याच्यात?"

"हेच, की तुम्ही भारतात राहता, पण सामान्यतः रहिवासी नाही."

मोठेबाबांनी पेन खाली ठेवलं. इतका वेळ हसरा असलेला चेहरा एकदम उतरला.

"वकीलसाहेब, माह्या बापाले हे गाव म्हने, तू गावचा हायेस, पन गावातला नोहे. वेशीबाहेर राह्य. त्यानं जनमभर आयकलं. आता मी माह्याच हातानं तेच लिहून देऊ?"

"अहो, हा दिवसांचा हिशेब आहे. इतकी वर्षं तुम्ही इथं नव्हता, एवढाच त्याचा अर्थ."

"पोट तिकडं होतं. मानूस इथलाच होता."

"पण पैसे वाचतात हो तुमचे!"

"वाचू नका देऊ."

वकिलांनी कपाळावर हात मारला. कर चुकवायला लोक त्यांच्या पायऱ्या झिजवत, आणि हा बाबा कर लावून घ्यायला भांडत होता! शेवटी कंटाळून ते आम्हाला आयकर कचेरीत घेऊन गेले. साहेब तरुण होता, पण कान देऊन ऐकणारा. सगळं ऐकून म्हणाला, "बाबा, कायदा आम्हाला कमी घेऊ देत नाही, तसं जास्तही घेऊ देत नाही."

"मंग मी इथला होयाले काय करू?"

"काहीच करू नका. राहा फक्त. काही वर्षांनी कायदाच तुम्हाला इथला म्हणेल."

मोठेबाबा म्हणाले, "साहेब, आमाले इतकं सोपं कोनं सांगतलंच नोतं." आणि सही केली.

त्यानंतर हा माणूस जो ठाण मांडून बसला! नैरोबीच्या जिवलग दोस्ताने मुलीच्या लग्नाला बोलावलं, तिकीट काढून देतो म्हणाला. लग्न चुकल्याचं दुःख त्यांना झालं, डोळे पुसताना मी पाहिलं, पण गेले नाहीत. "माये, माहे दिवस मोडतीन ना," म्हणाले. जसा काही उपासच धरला होता. लोक हसायचे. मला मात्र त्यांचा अभिमान वाटायचा, आजही वाटतो, लपवू कशाला?

अखेर एका वर्षी वकिलांनी पडेल आवाजात सांगितलं, "बाबा, सवलत संपली. तुम्ही आता सामान्यतः रहिवासी. यंदापासून कर पडेल."

मोठेबाबा तिथून उठले ते थेट हलवायाकडे. टोपलीभर पेढे घेऊन आम्ही गावी आलो. आधी ओढ्यापलीकडे वाटले, मग गावात. सरपंच आपल्या ओट्यावर चार मंडळी घेऊन बसले होते. याच ओट्याच्या पायरीशी माझे आजोबा चपला हातात घेऊन उभे राहत.

"काऊन हो, पेढे कायचे?" सरपंचांनी विचारलं. "पुतनीचं लगन जमलं का?"

"नाई. मले टॅक्स लागला."

ओट्यावरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असंच त्यांना वाटलं असणार. मोठेबाबांनी सगळी हकिगत सांगितली, रहिवासी या शब्दासकट. सरपंचांनी टोपलीतला एक पेढा उचलून तोंडात टाकला आणि म्हणाले, "मंग खाली काऊन उभे? वर या ना."

मोठेबाबा चपला घालूनच पायरी चढले.

"सरका मंग थोडं," म्हणाले. "रहिवासी बसून राह्यला."