अल खर्जच्या कॅम्पातला देवचार

आखाती युद्धाच्या त्या हिवाळ्यात रियाधमधले शहाणे लोक विषारी वायूच्या भीतीने खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावून घरात बसले होते. मी मात्र सहलीला निघालो. अल खर्जच्या लेबर कॅम्पातून निरोप आला होता: मावसभाऊ सुधाकरच्या अंगात येतंय, आणि सगळ्यांच्या मते ही दत्तारामची करणी.

दोघेही मालवणकडचे वेल्डर. दत्ताराम नुकताच फोरमन झाला होता, त्याला एसीची वेगळी खोली मिळाली होती. एवढा पुरावा आमच्या लोकांना पुरतो. पण प्रकरण मुदीरच्या, म्हणजे सौदी मॅनेजरच्या, कानावर घालायचं घाटत होतं. आणि या देशात जादूटोण्याच्या आरोपावर मान जाऊ शकते.

रस्ता उत्तम, पेट्रोल पाण्यापेक्षा स्वस्त. जाणार असाल तर वाटेत डेअरीचं ताक जरूर प्या. चेकपोस्टवरच्या शिपायाने विचारलं, "कुठे?" "भाऊ आजारी आहे," म्हणालो. देवचाराला, म्हणजे आमच्या कोकणातल्या गावराखण्या भुताला, अरबीत काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं.

कॅम्पात सुधाकर खाटेवर घुमत होता. दत्ताराम दाराबाहेर रडवेला उभा. "दादा, माका धड भजी तळूक येनत, करणी खंयची करतलंय?"

मी आत जाऊन हात जोडले. बँकेतला माणूस, पण हात आपोआप जुळले. "कोण आहेस तू?"

"गावचो देवचार!"

"दत्तारामाने पाठवलं?"

सुधाकरचं घुमणं थांबलं. मग हुंदका फुटला. "तेचो काय संबंध? माका घराक जावचा हा! हयसर बॉम्ब पडतत!"

समुद्र ओलांडून आलेल्या देवचाराला क्षेपणास्त्राची भीती वाटावी, यावर कुणी हसलं नाही. प्रत्येकालाच घरी जायचं होतं. पण पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाकडे, आणि सुट्ट्या बंद.

मुदीरला मी एवढंच सांगितलं, "माणूस मनाने खचलाय." त्याने खिडकीतून एकदा सुधाकरकडे पाहिलं, घाईघाईने एक दुआ पुटपुटला आणि एक्झिट व्हिसा मंजूर केला. डॉक्टरचं सर्टिफिकेट आणूनही जे इतरांना जमलं नव्हतं, ते देवचाराने एका बैठकीत केलं.

देवचाराने स्वतः निर्दोष ठरवलेल्या दत्तारामाने सगळ्यांसाठी चहा केला. कुणी कपाला हात लावला नाही. मी दोन कप प्यायलो. सगळे माझ्याकडे टक लावून पाहत होते, कधी पडतो म्हणून.

घरी येऊन ही गंमत बायकोला सांगितली. ती केमिस्ट्रीत एमएस्सी. पोट धरून हसली, आणि मग मीठमोहऱ्या घेऊन माझी दृष्ट काढायला आली.

मी तिच्यासमोर मांडी घालून बसलो.