दोरीच्या आत

‘‘थांबा, यादीत हाये का बगू,’’ असं म्हणून आमचे मिस्त्री शर्टाच्या खिशातून चार घड्या पडलेला कागद काढायचे. यादी त्यांना पाठ होती, तरी काढायचे. तोंडी गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता, स्वतःच्या तोंडच्याही नाही. असा माणूस तुमच्याही कचेरीत असेल, आणि तुम्हीही त्याला वैतागला असाल.

आणीबाणीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. जाफराबादकडच्या कपाशीवर बोंडअळी पडली होती आणि फवारणीसाठी एका कंपनीचं छोटं विमान माळावर येऊन राहिलं होतं. ते त्या विमानाचे मिस्त्री. मी शेतकी खात्यातला कारकून, नोकरीत नवा आणि जन्माचा घाबरट. कोणत्या गावाची पाळी कधी, ते मी लिहायचो. विमान उडणार की नाही, ते मिस्त्री ठरवायचे. शिव्या मात्र मला बसायच्या.

कोणत्या बिघाडाची दुरुस्ती किती दिवस लांबवली तर चालते, ते त्या यादीत असायचं. एकदा पंखावरचा दिवा फुटला तेव्हा मला वाटलं, आता संपलंच. ते म्हणाले, ‘‘दिवसाच उडून राह्यलं ना? मंग दिव्याचं काय काम! धा दिवस चालतंय.’’ त्यांनी वहीत नोंद केली, दिव्यावर तारखेची चिठ्ठी डकवली. दहाव्या दिवशी मात्र नवा दिवा बसेपर्यंत त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. तरणाबांड पायलट त्यांना ‘सासूबाई’ म्हणायचा. ते हसायचे आणि त्याच्या कमरेचा पट्टा पुन्हा एकदा ओढून बघायचे.

विमानाभोवती त्यांनी दोरी बांधली होती. ‘‘भाऊसाहेब, मी इकडंतिकडं गेलो तर दोरी तुमच्याकडं. आत कोणी न्हाई. बिलकुल न्हाई.’’

खंडेनवमीच्या सकाळी ते औषधाची पिंपं बघायला गेले आणि इकडे सरपंच आले. सोबत मंडळी, ताट, नारळ, झेंडूच्या माळा. त्या दिवशी नांगरापासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांची पूजा होते, मग विमानानेच काय घोडं मारलं होतं? ‘नाही’ म्हणायला माझी जीभ उचलेना. मीच दोरी वर धरली. सरपंचांच्या आईने मोठ्या मायेने पंख ओवाळला, आणि पंखातून पुढे आलेल्या बारीक नळीच्या तोंडाला ओल्या कुंकवाचं बोट लावलं. मी पाहत होतो.

मिस्त्री परतले ते माळा बघून थबकले. ‘‘नळीला कोणी हात लावल्ता का?’’

‘‘नाही नाही, लांबूनच ओवाळलं,’’ मी म्हणालो.

त्यांनी नळीत काडी घातली. ती लाल होऊन बाहेर आली. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

पायलट म्हणाला, ‘‘फुंकर मारा आणि सोडा. मी अंदाजाने उडवतो.’’

‘‘ह्या नळीतल्या वाऱ्यावर वेगाचा काटा चालतो. कपाशीला टेकून उडायचं आन् काटा खोटं बोलला तर? हे यादीत न्हाई. नळी आतून साफ व्हऊन काटा तपासल्याबिगर मी सही करणार न्हाई.’’

तपासायचं यंत्र औरंगाबादहून यायचं होतं. लोक खवळले. त्यांचीही चूक नव्हती, अळी थोडीच थांबणार होती! तेवढ्यात मागून कोणीतरी बोललं, ‘‘ह्याला आपला देव चालत न्हाई, म्हून इमान बसवलं.’’

मिस्त्री पिंपळगाव रेणुकाईकडच्या बौद्ध घरातले, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते शांतपणे म्हणाले, ‘‘देवाचं काय न्हाई दादा. नळीचं हाये.’’

दोरी मी वर धरली होती, एवढंच मला सांगायचं होतं. मी हातातल्या गावांच्या यादीवर रेघा मारत बसलो.

लोकांची तक्रार कंपनीकडे गेली. तिसऱ्या दिवशी दुसरे मिस्त्री यंत्र घेऊन आले, काटा तपासला, विमान उडालं. आमच्या मिस्त्रींना मात्र परत बोलावणं आलं. संध्याकाळी फवारलेल्या एकरांच्या आकड्यावर सही करायला विमानाची वही माझ्यापुढे आली, तेव्हा वरची नोंद वाचली. ‘नळीत कुंकू गेले. दोरीवर लक्ष ठेवणे माझे काम होते. चूक माझी.’ खाली त्यांची सही.

मी सायकल मारत स्टँडवर गेलो. एसटी निघून गेली होती. कंपनीला दोन ओळींचं पत्र टाकलं असतं, तर त्यांची नोकरी कदाचित वाचली असती. माझीही नोकरी नवी होती. मी पत्र टाकलं नाही. ते कामावर राहिले नाहीत, एवढंच पुढे कानावर आलं.

पायलट आता आजोबा झाला आहे. दिवाळीला त्याचं पत्र येतं, त्यात शेवटी एक प्रश्न असतो, ‘सासूबाई कुठे असतात?’ मी कळवतो, माहीत नाही. तुम्ही शोधलंत का, असं त्याने अजून विचारलेलं नाही.