चार बोटं बाजूला

हनीफ पारकरला मुलं किती, हे दत्तारामला कधी कळलं नाही. पाच वर्षं दर शुक्रवारी सकाळी त्याने या माणसाच्या डोक्यावर लाकडी तलवार उगारली. रत्नागिरीकडचा, अमिरातीत खोर फक्कानच्या बंदरात फोर्कलिफ्ट चालवणारा, डोंगर ओलांडून अजमानला येणारा आणि जुम्म्याच्या नमाजाच्या आत परतणारा, एवढीच ओळख. बाकी विचारायचा दत्तारामला संकोच वाटायचा.

वर्ग सातोसान या जपानी गुरूंचा, फर्निचरच्या गोदामात. जपानी तलवारीचे ठरलेले डाव जोडीने करायचे. थोरल्याने वार करून हरायचं, धाकट्याने तो चुकवून जिंकायचं. दत्ताराम थोरला. १९९९च्या मार्चमध्ये सातोसान मायदेशी निघाले. हनीफला शिकवायची परवानगी द्यायची की नाही, हे ते जाण्याआधी ठरवणार होते. मिळाली तर हनीफ खोर फक्कानलाच वर्ग काढणार होता. बंदरावरची सात-आठ माणसं त्याचीच वाट बघत होती.

शेवटच्या शुक्रवारी त्यांनी दोघांना उभं केलं. पहिला डाव देखणा झाला. सातोसान म्हणाले, "पुन्हा. हनीफ, या वेळी हलू नको."

दत्तारामने वार केला. तलवार हनीफच्या कानाच्या बाहेरून, चार बोटं अंतर सोडून खाली गेली.

समोरच्याला लागू नये म्हणून आपला हात बाजूला जातो, हे दत्तारामला ठाऊक होतं. त्यात काही चुकतंय असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

"पाच वर्षं तू काय चुकवत होतास?" सातोसानांनी हनीफला विचारलं.

हनीफ दत्तारामकडे वळला. मग हळूच म्हणाला, "दत्ताभाऊ, आता सरळ मारा."

"लागेल हो."

"लागू दे. एवढं जपायला मी काय तुमचा जावई आहे?"

पुढचा वार मधोमध आला. हनीफ सवयीने आधीच सरकला. सातोसानांनी नकारार्थी मान हलवली. त्यानंतरच्या वाराला तो थांबला, पण जास्तच थांबला. तलवार डाव्या खांद्यावर बसली. दत्तारामने आपली तलवार जमिनीवर ठेवली.

"खलास. मला जमायचं नाही."

"उचला," हनीफ म्हणाला. त्याने खांदा चोळलासुद्धा नाही. "तुम्ही थांबलात तर मी फेल."

दत्तारामने श्वास घेतला आणि खरोखरच डोकं फोडायचं असल्यासारखा तुटून पडला. हनीफ हलला नाही. तलवार केसांना टेकतेय असं वाटलं, तेव्हा तो अर्धं पाऊल सरकला आणि त्याची तलवार दत्तारामच्या मनगटाला लागून थांबली. एवढ्या वर्षांत दत्तारामला हनीफची भीती पहिल्यांदा वाटली.

सातोसान हनीफसमोर कमरेत वाकले. परवानगी मिळाली. अजमानचे शुक्रवार संपले, आणि त्यानंतर दोघांची गाठ पडली नाही.

त्या दिवशी गाडीत बसल्यावर हनीफचा डावा हात वर जाईना. दत्तारामने वाकून त्याचा सीटबेल्ट लावून दिला.

"घरी गेल्यावर बर्फ लावा."

"लावतो. रस्त्याला गर्दी असेल का हो?"

"मसाफीच्या पुढे नसते."

"मग निघतो. जुम्मा चुकेल."

"सावकाश जा."