तारेच्या आतली विहीर

रूपाबाई फार तापट होती, असं तांड्यातली माणसं सांगतात आणि सांगताना हसतात. हसण्यासारखं त्यात काही नाही.

वसमतकडून हिंगोलीला जाणाऱ्या रुळाला खेटून तिचा तांडा. मीठ-धान्य वाहणाऱ्या बैलांना पाणी मिळावं म्हणून तिच्या आजेसासऱ्यानं तिथं विहीर खोदली होती. पुढं निजामाच्या रेल्वेचा रूळ आला, दोन्ही अंगांनी तारेचं कुंपण आलं आणि विहीर आत गेली. कुणी विचारलं नाही की सांगितलं नाही. तरी तीसेक वर्षं तारेच्या फटीतून बायका पाणी नेत होत्या. श्रावणात तांड्याच्या कुंवार पोरी टोपल्यांत गहू पेरून तीज मांडत, तिला नऊ दिवस त्याच विहिरीचं पाणी घालत.

१९४६ साली नवा स्टेशनमास्तर आला. त्यानं फट बंद केली आणि पाणी हवं तर लेखी परवानगी काढा म्हणाला. तांड्याचा नायक धनसिंग वारला होता, म्हणून त्याची बायको रूपाबाई स्टेशनात गेली.

परवानगी कशी मागतात हे तिला चांगलं ठाऊक होतं. तीज पेरायच्या आधी पोरी तिच्याच दारात येत, वाकून म्हणत, "नायकण, तांडा तुमचा, तीज तुमची. पेरू का?" तांडा एकट्या नायकणीचा नसतो, हे पोरींनाही कळतं आणि नायकणीलाही. पण मागणाऱ्यानं असं मान देऊन बोलायचं आणि देणाऱ्यानं हो म्हणायचं, ही रीत.

"बावडी किसकी है?" कारकुनानं विचारलं.

"तुमचीच की, मालक. जागा तुमची, विहीर तुमची. लेकरायला पानी घिऊ द्या."

त्यानं उर्दूत शब्द न् शब्द उतरवून घेतला. रूपाबाईनं खाली अंगठा उठवला. नऊ दिवसांची परवानगी मिळाली, तीज झाली. कारकून भला माणूस आहे, असं ती आठवडाभर सांगत हिंडली. त्या कौतुकाची आठवण झाली की पुढं जन्मभर तिच्या अंगाची लाही व्हायची.

दुसऱ्या उन्हाळ्यात विहीर बुजवायला मातीच्या गाड्या आल्या. रूपाबाई पदर खोचून स्टेशनात घुसली.

"काहून बुजवून राहिले? माह्या आजेसासऱ्यानं खोदली ती!"

मास्तरनं कपाटातून कागद काढून कारकुनाच्या हातात दिला. कारकुनानं तो मराठीत सांगितला. जागा तुमची, विहीर तुमची. रूपाबाई, नायक धनसिंगची बायको, राजीखुशीनं लिहून देते.

"अंगठा तुझाच ना, बाई?"

"अंगठा माहाच. पर ते मानाचं बोलनं व्हतं रे! पावन्याला घर तुमचंच हाय म्हनतोस, मंग घर त्याच्या नावानं करून देतोस का?"

दोघंही हसले. तीन दिवसांत विहीर सपाट झाली. रूपाबाई तीनही दिवस तारेला धरून उभी होती. तिनं दिलेल्या शिव्या गाडीवानांनी ऐकल्या, आणि त्यांचा तर काही दोषही नव्हता. तारेनं सोललेले तळवे तिनं कुणाला बांधू दिले नाहीत.

श्रावण आला. आता लांबच्या ओढ्याचं पाणी आणावं लागणार होतं. टोपल्या घेऊन पोरी तिच्या दारात आल्या, वाकल्या.

"नायकण, तांडा तुमचा, तीज..."

"गप!"

रूपाबाई बाहेर आली. संताप तिच्या तोंडावर मावत नव्हता.

"सरळ उभ्या ऱ्हा. असं पुन्हा कुनाम्होरं बोलायचं न्हाई. माह्याम्होरं बी न्हाई. तीज कुनाची?"

पोरी एकमेकींकडं बघू लागल्या. शेवटी सगळ्यांत थोरली शकुंतला पुटपुटली, "आमची."

"मोठ्यानं म्हन," रूपाबाई ओरडली. "टेशनात ऐकू गेलं पायजे."